जसं लिहिलं तसं

त्या रविवारी सकाळी केतकी पोवारनं अकरा चष्मे नेहमीसारखे पुसले आणि बारावा जरा जास्तच मायेनं पुसला. बारावा जयसिंग मास्तरांचा होता. ज्या माणसाचं तोंड काळं करायचं ठरवून आपण पाच वर्षं त्याच्याकडे नोकरी केली, त्याचा चष्मा पुसताना माया वाटतेच. खाटकाला बोकडाबद्दल वाटते तशी.

कोल्हापुरातलं ते नाट्यगृह नऊ वाजताच भरत आलं होतं. दहाला मास्तरांच्या 'झंकारमाला' ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि साल होतं दोन हजार एक्केचाळीस. ऑर्केस्ट्रा आता मरणार, असं लोक तीस वर्षं छातीठोकपणे सांगत होते, आणि तो काही मरायला तयार नव्हता. आजच्या कार्यक्रमाच्या शेवटी राज्याच्या संगीत अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्षा येऊन जाहीर करणार होत्या, की येत्या जूनपासून शाळाशाळांतून कॉर्ड लिहिण्याची 'जयसिंग पद्धत' शिकवली जाईल. एकदा जाहीर झालं की ते नाव पाठ्यपुस्तकात छापलं जाणार. पुढची पन्नास वर्षं पोरं ते पाठ करणार.

नाव जयसिंग मान्यांचं. पद्धत केतकीच्या वडिलांची.

श्रीपती पोवार दिवसा उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साचे भरायचे आणि संध्याकाळी झंकारमालेत गिटार वाजवायचे. ते डावखुरे होते. तारा उलट्या चढवून गिटार धरायचे, त्यामुळे तिची मान शेजाऱ्याच्या बरगडीत जाऊ नये म्हणून त्यांना कायम स्टेजच्या कडेला उभं करत. सत्तावीस वर्षांत त्यांनी चौदा लांबट रजिस्टरं भरली. चारशे बारा पानं. कुठल्या ओळीवर कुठला कॉर्ड, कुठं गायिका हमखास रेंगाळते, कुठं गिटारनं गप्प बसावं, या सगळ्याच्या त्यांनी स्वतः शोधलेल्या खुणा. कॉर्ड म्हणजे सहा उभ्या रेषांची चौकट आणि बोटं ठेवायच्या जागी ठिपके. दहा वर्षांची केतकी त्यांच्या समोर मांडी घालून बसायची. बाप डावखुरा, पोरगी उजवी. आरशासमोर बसल्यासारखं ते शिकणं होतं. त्यांची चौकट बघायची आणि आपल्या गिटारवर तेच करायचं. उजव्या हाताच्या माणसाला उलटी दिसेल ती चौकट तिला कधी उलटी वाटलीच नाही.

मग त्यांना कावीळ झाली. सहा आठवडे अंथरूण धरलं, तेव्हा जयसिंग मास्तर मोसंबी घेऊन आले आणि जाताना रजिस्टरं घेऊन गेले. "झेरॉक्स काढतो आणि परत देतो, श्रीपती." ती परत आली नाहीत. वडील दोनदा मागायला गेले. तिसऱ्यांदा गेले नाहीत, आणि केतकी भांडायला निघाली तर म्हणाले, "जाऊ दे केती. सूर काय कुणाच्या बापाचे असतात व्हय?"

सूर नसतील. रजिस्टरं होती. केतकीच्या मनात ते तेव्हापासून काट्यासारखं रुतून बसलं होतं. पाच वर्षांपूर्वी वडील गेले. शोकसभेत जयसिंग मास्तरांनी हार घातला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "श्रीपती माझा हात होता. डोकं माझं, हात त्याचा." समोर बसलेल्या केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्याभरानं ती त्यांच्याकडे नोकरी मागायला गेली. मास्तरांना वाटलं, पोरगी गरजू आहे. होतीच ती गरजू, फक्त पगारासाठी नाही.

तिचं काम होतं मांडणीचं. म्हणजे काय, ते जरा नीट सांगायला हवं.

कॉर्ड दाखवणारी ॲप्स काही नवी नव्हती. पूर्वी ज्याची त्यानं मांडणी निवडायची: अक्षरं मोठी की लहान, पाटी काळी की पांढरी, चौकट हवी की नुसतं नाव, एका ओळीत तालाची चार घरं की आठ. 'सांगाती' नावाच्या ॲपनं ही निवड माणसाच्या हातातून काढून घेतली. सांगातीचा एक चष्मा असायचा आणि मनगटावर बांधायचा एक पट्टा. चष्मा डोळ्याची बाहुली कुठं फिरते ते बघायचा, आणि बोट हलण्याआधी स्नायूत जी बारीकशी वीज सळसळते ती पट्टा पकडायचा. कॉर्ड दिसल्यापासून वीज सळसळेपर्यंतचा वेळ मोजला, तेव्हा संशोधकांना एक गंमत सापडली. माणूस लहानपणी ज्या लिपीत पहिल्यांदा संगीत वाचायला शिकतो, त्या लिपीला हात सगळ्यांत लवकर जागा होतो. पुढं कितीही सराव केला, कितीही लिप्या शिकल्या, तरी ते अंतर भरून निघत नाही. या पहिल्या लिपीला त्यांनी मातृलिपी म्हटलं.

मग सांगाती कुणाचंही पान घ्यायचं, त्यातला फक्त अर्थ उचलायचं, आणि ज्याच्या त्याच्या चष्म्यात ज्याच्या त्याच्या मातृलिपीत पुन्हा लिहायचं. एकाला इंग्रजी अक्षरं, दुसऱ्याला सारेगम, पेटीवर शिकलेल्याला काळी एक, पांढरी चार. पानावरचे डाग, खाडाखोड, कडेची गिचमीड हे सगळं कचरा म्हणून पुसून टाकायचं. कॉर्डही अशा नेमक्या क्षणी डोळ्यासमोर यायचा, की वाजवणाऱ्याला आपण वाचलं असं वाटायचंच नाही, हात आपोआप जायचा.

याचे परिणाम दोन झाले. एक, आठ वर्षांत लोकांनी पाठांतर सोडून दिलं. कशाला करतील? दोन, कुणालाच कुणाचं पान दिसेनासं झालं. तालमीत कुणी म्हणालं, "तिसऱ्या ओळीतला दुसरा कॉर्ड जरा उशिरा घे," तर बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, कारण ज्याची त्याची तिसरी ओळ वेगळी. ऑक्टोपॅड वाजवणारे इक्बालभाई मुजावर, मास्तरांच्याच वयाचे, वैतागून म्हणायचे, "एका ताटात जेवायचो आपण. आता प्रत्येकाचा डबा निराळा."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात केतकीनं सगळ्यांच्या मांडणीची नोंद उघडली होती. मूळ पान किती बदलून दाखवावं लागतं, याचा आकडा प्रत्येकाच्या नावापुढं होता. कीबोर्डवाल्याचा साठ टक्के. बेसवाल्याचा बहात्तर. जयसिंग मास्तर लहानपणी पेटीवर शिकलेले, त्यांचा एक्क्याण्णव. सबंध ऑर्केस्ट्रात सगळ्यांत जास्त. ज्यानं पानं लिहिली म्हणे, त्यालाच ती सगळ्यांत कमी वाचता येत होती! आणि सगळ्यांत खाली तिचं स्वतःचं नाव होतं. केतकी श्रीपती पोवार, रूपांतर शून्य. तिला पान जसं होतं तसंच दिसत होतं, फक्त धुऊन पुसून.

त्या दिवशी ती घरी जाऊन पोट धरून हसली आणि मग रडली. तो आकडा कुणाला दाखवून उपयोग नव्हता. यंत्राची चूक म्हणून मास्तरांनी उडवून लावलं असतं आणि तिला दारातून बाहेर काढलं असतं. तिला आकडा दाखवायचा नव्हताच. तिला मास्तरांचा चेहरा हजार माणसांना दाखवायचा होता.

तशी सोय गेल्या महिन्यात झाली. समितीनं मूळ प्रत मागितली, म्हणून सांगातीवाल्यांनी एक नवा पर्याय उघडला. त्याचं नाव होतं 'जसं लिहिलं तसं'. तो चालू केला की त्या कार्यक्रमापुरतं सगळं रूपांतर बंद. सगळ्या चष्म्यांत आणि मागच्या मोठ्या पडद्यावर मूळ कागद, डागासकट. फक्त त्याला पानांच्या मालकाचा, म्हणजे नोंदीप्रमाणे जयसिंग मास्तरांचा, अंगठा लागायचा.

आणि अंगठ्याच्या बाबतीत जयसिंग मास्तर उदार होते. दर कार्यक्रमाआधी टॅबवर वीस-पंचवीस मंजुऱ्या यायच्या: ध्वनिमुद्रणाची, प्रक्षेपणाची, पडद्यावर दाखवण्याची. मास्तर रंगपटात चेहऱ्याला पावडर लावून घेत बसलेले असायचे आणि केतकी टॅब पुढं धरायची.

"मास्तर, मंजुऱ्या आहेत."

"किती?"

"तेवीस."

"कशाकशाच्या ते सांगू नकोस बाई. कुठं टेकवायचा तेवढं दाखव."

आजही त्यांनी तेच म्हटलं. केशरी फेटा बांधून घेत, आरशात डावा गाल, उजवा गाल बघत त्यांनी तेवीस वेळा अंगठा टेकवला. सतरावा, 'जसं लिहिलं तसं'चा, टेकवला तेव्हा केतकीनं टॅब इतका घट्ट धरला, की मनगटाचा पट्टा लुकलुकला.

"पट्टा का लुकलुकतोय गं तुझा?" मास्तरांनी आरशातूनच विचारलं.

"मोठा दिवस आहे ना, मास्तर."

"माझा हाय. तू कशाला भितीस?" ते हसले. त्यांनी चष्मा चढवला, फोन कोटाच्या खिशात ठेवला आणि कोट खुंटीला अडकवला. स्टेजवर फोन नेत नाहीत. मंजुरी वापरली गेली की मालकाच्या फोनवर निरोप येतो. तो आता खुंटीवर येणार होता.

कार्यक्रम झोकात चालला. लोक शिट्ट्या मारत होते, पुढच्या रांगेत प्राध्यापक वैजयंती हिरेमठ, समितीच्या अध्यक्षा, मान डोलावत होत्या. केतकी विंगेच्या तोंडाशी टॅब मांडीवर घेऊन बसली होती. दोन गाण्यांना ती दुसरी गिटार वाजवायची, म्हणून गिटार बाजूलाच होती. साडेअकराला मास्तर पुढं आले. आता त्यांचा तो नावाजलेला खेळ होता, ज्यावर ऑर्केस्ट्रा चालत होता.

"बोला कोल्हापूरकर! माझ्या हातची चारशे बारा पानं. कुठलंबी पान सांगा. तुम्ही आकडा म्हणायचा, मी वाजवायचं. बाकी सगळे गप बसतील, फक्त जयसिंग आणि त्याची गिटार!"

"छप्पन!" "दोनशे!" असा गलका झाला. गॅलरीतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "एकशे तेरा!"

"एकशे तेरा! घ्या!"

केतकीनं टॅबवर बोट टेकलं. जसं लिहिलं तसं.

मागच्या पडद्यावर एरवी टाइपातली सुबक अक्षरं यायची. आज तिथं एक पिवळा पडलेला, रेघांचा कागद आला. निळी शाई डावीकडून उजवीकडे फरफटलेली. सहा-सहा रेषांच्या चौकटी, ठिपके, नागमोडी खुणा.

मास्तरांच्या चष्म्यातही तेच आलं. त्यांचा हात गिटारच्या मानेवर तसाच राहिला. मग सवयीनं बोटं ठिपक्यांच्या मागं गेली आणि जाड तारेवरचं बोट बारीक तारेवर पडलं. तारा छेडल्या तेव्हा जो आवाज आला, तो ऐकून पहिल्या रांगेतल्या एका बाळानं भोकाड पसरलं. लोक हसले. मास्तरही हसले. त्यांनी दुसरी चौकट धरली. ती पहिलीपेक्षा वाईट निघाली. तिसऱ्याच्या वेळी कुणी हसलं नाही.

त्यांच्या पावडरवरून घामाचा ओघळ खाली आला. तो बघून केतकीला इतका आनंद झाला, की तिला स्वतःची थोडी भीती वाटली. पण फार नाही.

"चष्मा बिघडलाय," मास्तर माईकमध्ये म्हणाले. "तांत्रिक अडचण आहे, मंडळी. केतकी! दुसरा चष्मा आण."

केतकी उठली आणि स्टेजवर आली. चष्मा न घेताच आली.

"चष्मा बिघडलेला नाही, मास्तर. तुम्ही लिहिलंय तसंच दिसतंय."

मास्तरांनी मागं वळून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट कळत होतं, की हा कागद ते पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच बघत होते. एकदा छायाप्रती काढून दिल्यावर त्यांनी रजिस्टरं उघडलीच नसावीत. चोरलेल्या मालाकडे निदान बघावं तरी माणसानं!

"हे... हे जुनं हाय. माझा हातच तेव्हा..." मास्तर चाचरले.

"तुमचा हात न्हाई ह्यो." मागून आवाज आला. इक्बालभाई ऑक्टोपॅडच्या मागून उठून उभे राहिले होते. "शाई फरफाटलीय बघा. डाव्या हातानं लिहिलं की हात वल्या शाईवरनं जातो. चौकटीबी डावखुऱ्याच्या हायत. आपल्यात डावखुरा एकच हुता, जयसिंग. मला पंचवीस वर्षांपूर्वीच बोलाय पायजे हुतं. भ्यालो मी, पोटासाठी."

प्राध्यापक हिरेमठ उभ्या राहिल्या. "माने, हे पान तुम्हाला वाचता येतं की नाही?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि केतकीकडे असं पाहिलं, की त्या नजरेतच पाच वर्षांचा सगळा हिशेब त्यांना कळल्याचं दिसत होतं. "हिला विचारा. हिनं केलंय सगळं. कुणाला वाचता येणार न्हाई असलं काहीतरी पडद्यावर टाकलंय. वाचून दाखव की गं मग, लई शहाणी आहेस तर!"

एवढं तर तिनं मागितलंही नव्हतं.

केतकीनं आपली गिटार उचलली. स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला, मनगटाचा पट्टा सोडला, आणि पडद्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभी राहिली. समोर भिंतभर बाप बसला होता, आरशातल्यासारखा. तिची बोटं पहिल्या चौकटीवर गेली.

ती वाजवत होती ती गत सुंदर होती, पण ती सुंदर वाजवत नव्हती. ती तारांवर घाव घालत होती. हा मोसंब्यांचा. हा झेरॉक्सचा. हा हाराचा. डोकं माझं, हात त्याचा, हा त्याचा. मागं टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि प्रत्येक टाळी मास्तरांच्या गालावर बसतेय असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटणं तिला फार आवडत होतं.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी कडेला काही लिहिलेलं होतं. तिला ते कधी दिसलं नव्हतं. सांगातीनं कचरा म्हणून पुसलेलं, फरफटलेल्या शाईतलं, बापाचं अक्षर.

इथं हळू. केती झोपलीय.

तिचा हात थबकणार होता, पण पानावर पुढचा कॉर्ड होता आणि बापानं शिकवलेला पहिला नियम होता की काही झालं तरी थांबायचं नाही. ती थांबली नाही. तिनं हळू वाजवलं. एका खोलीच्या त्या घरात फाउंड्रीतून दमून आलेला माणूस पोरीची झोप मोडू नये म्हणून तारा नखानं न छेडता बोटाच्या मांसानं छेडायचा, तशी तिनं ती चार घरं वाजवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं म्हणून पुढची चौकट धूसर दिसली. पण ती तिला न बघताही येत होती. लोकांना वाटलं, काय सुरेख बारकावा आहे.

मग खूण संपली आणि ती पुन्हा मोठ्यांदा वाजवू लागली.

शेवटचा कॉर्ड विरल्यावर लोक उभे राहिले. प्राध्यापक हिरेमठ पायऱ्या चढून स्टेजवर आल्या. "हे कुणाचं पान?" त्यांनी विचारलं.

"श्रीपती पोवार. माझे वडील. चारशे बाराही त्यांचीच."

"नोंद मान्यांच्या नावावर आहे. ती बदलायची तर मालकानंच निवेदन द्यावं लागतं." त्या मास्तरांकडे वळल्या. "नाहीतर मी आज काहीच जाहीर करणार नाही, आणि का नाही ते मात्र इथूनच सांगेन."

मास्तरांचा फेटा एका कानावर आला होता. ते विंगेकडे निघाले, पण विंगेच्या तोंडाशी इक्बालभाई उभे होते. खाली कुणीतरी "अंगठा द्या!" म्हणून ओरडलं आणि मग सगळं नाट्यगृह तेच ओरडू लागलं.

केतकीनं टॅबवर नोंदबदलाचं निवेदन उघडलं आणि रोजच्यासारखं मास्तरांपुढं धरलं. मास्तरांचा अंगठा सवयीनं पुढं आला. तिनं टॅब मागं घेतला.

"आज नाही, मास्तर. आज आधी वाचायचं. माईकमध्ये."

"चष्मा..." मास्तर पुटपुटले.

"चष्मा कशाला? मराठीत आहे. अक्षर मोठं केलंय मी."

मास्तरांनी टॅब हातात घेतला. ते म्हातारे दिसत होते, आज पहिल्यांदाच. केतकीनं मनात शोधून पाहिलं, कुठं दया सापडते का. नाही सापडली. तिनं पुन्हा शोधलंही नाही.

"मी, जयसिंग तुकाराम माने," ते वाचू लागले, "असं लिहून देतो, की झंकारमालेची चौदा रजिस्टरं, त्यांतली सर्व पानं, खुणा आणि लेखनाची पद्धत, ही माझी नाहीत. ती मी... परत देण्याच्या बोलीवर आणून परत दिली नाहीत. ती सर्व..."

पुढच्या नावाशी त्यांचा आवाज इतका खाली गेला, की पहिल्या रांगेलाही ऐकू आला नाही.

केतकीनं माईक त्यांच्या तोंडाजवळ आणखी जवळ सरकवला.

"इथं हळू नको, मास्तर," ती म्हणाली.